पिवळ्या चादरीचा मान

सुनेचं कौतुक करणारी सासू कधी पाहिली आहे का? नसेल तर बघून घ्या, तुमच्यासमोर बसली आहे. आमच्याकडे येईल त्याला मी आधी पलंगावर बसवते आणि चादर दाखवते. जाड, पांढरीशुभ्र, मोठ्या हॉटेलात असते तशी. चारी कोपऱ्यांना गादीला बांधायच्या नाड्या, त्यातल्या तीन जागेवर आहेत आणि चौथी कापलेली. आणि मधोमध हा आडवा पिवळा पट्टा. लोक म्हणतात, आक्का, डाग पडलाय, बदला ही. मी म्हणते, बदलायची असती तर कारखान्याच्या मालकांच्या मागे लागून आणली असती का? बसा नीट. पाय वर घ्या. सांगते.

मी धुलाईच्या कारखान्यात कामाला आहे, अर्धं आयुष्य तिथेच गेलं. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी आणि टॉवेल गाड्यांतून येतात, पुढच्या खोलीत निवडले जातात, मधल्या खोलीत धुतले जातात आणि शेवटी आमच्या दालनात इस्त्रीला येतात. दालनात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत इस्त्रीचं मशीन आडवं पडलेलं आहे. त्याला आम्ही 'थोरली' म्हणतो. थोरल्या जावेसारखीच आहे ती. तोंड कायम तापलेलं, तिच्यापुढे सगळ्यांनी वाकायचं, आणि ती रुसली की अख्खं घर अडलं. पुढून दोघींनी चादरीचे दोन कोपरे धरून तिच्या तोंडात द्यायचे. आत गरम रूळ फिरतात, चादर ओढून घेतात, आणि मागच्या बाजूला ती कडक इस्त्री होऊन बाहेर पडते. पुढे मी आणि माझी जोडीदारीण. आमच्या हातच्या चादरीला सुरकुती? नाव नको.

थोरलीच्या समोरून, छातीच्या उंचीवर, एक लाल दोरी ताणलेली आहे. ती ओढली की रूळ जागच्या जागी थांबतात. नव्या मशीनला म्हणे बोट जवळ गेलं तरी आपोआप थांबायची पट्टी असते. आमची थोरली जुन्या काळातली, तिला नुसती दोरी. आणि रूळ थांबले म्हणून ताप थोडाच थांबतो? आत अडकलेली चादर भाजते आणि पिवळी पडते.

आता आमच्या लोकांचा आगाऊपणा ऐका. चादर पिवळी पडली की ज्याच्यामुळे पडली त्याचा 'सत्कार' व्हायचा. तीच भाजलेली चादर त्याच्या खांद्यावर शालीसारखी टाकायची, सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या आणि बॉयलरवाल्या भोंग्याने दारात उभं राहून भाषण ठोकायचं. भोंगा हे त्याचं नाव नव्हे, आवाज. बॉयलरच्या घरघरीतही तो कुजबुजला तर गल्लीला ऐकू जातं. "आजचे आपले सत्कारमूर्ती! यांनी काय केलं? यांनी थोरलीला थांबवलं! मालकांची चादर भाजली! वाजवा!" हसून हसून आमची पोटं दुखायची. पण ज्याचा सत्कार व्हायचा त्याला आठवडाभर तोंड वर करायची सोय नसायची. तो पुन्हा जन्मात त्या दोरीला हात लावायचा नाही. त्याचं बघून बाकीचेही नाही.

तसं सुरक्षेचं शिक्षण आम्हाला मिळत होतं बरं का. दर महिन्याला एक साहेब यायचे. माणूस देवमाणूस, आवाजही गोड, तोच तर घात. "दिवा बंद करा," म्हणायचे आणि भिंतीवर चित्रं दाखवायला लागायचे. अंधार, पंखा आणि वर तो गोड आवाज. पहिलं चित्र भिंतीवर येईपर्यंत अर्धी माणसं घोरायला लागलेली असायची. आम्ही त्यांना 'दिवाबंद साहेब' म्हणायचो. शेवटी ते विचारायचे, "हात अडकला तर काय कराल?" सगळे एका सुरात, "लाल दोरी ओढू!" झालं शिक्षण.

आणि मग माझ्या जोडीदारणीचा हात थोरलीत सापडला. मी त्या दिवशी भाचीच्या लग्नाला गेले होते. ओली चादर तिच्या बोटांना चिकटली आणि रुळाने चादरीबरोबर बोटंही ओढली. ती किंचाळली. दोरीपासून हाताच्या अंतरावर चौघं उभी होती. चौघांनाही दोरी माहीत. आणि चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. दोरी ओढली कोणी? दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला घडीच्या टेबलावर काम करणारी माझी सून धावत आली, तिने ओढली.

जोडीदारणीची बोटं वाचली, पण आता मिटत नाहीत. ती दारापाशी बसून आलेल्या गाड्या उतरवून घ्यायचं काम करते. त्या संध्याकाळी मी लग्नाहून परतले तर सूनबाई भाजी चिरायला घेऊन नुसती बसलेली. सुरी हातात, भाजी तशीच.

"आई," ती म्हणाली, "दोरी कोणाला माहीत नव्हती?"

"सगळ्यांना माहीत होती. कळतं पण वळत नाही, दुसरं काय!"

"पण का वळत नाही?"

"सत्काराला भितात मेले."

"तेवढंच नाही. तुम्ही इतकी वर्षं तिथे उभ्या आहात. दोरी कधी ओढलीत?"

"मी?" माझा पारा चढला. "माझ्या हातून आजवर एक चादर भाजलेली नाही!"

"तेच म्हणते मी. ज्या हाताने कधी ओढलीच नाही, तो ऐनवेळी कसा उठेल? तळ्याच्या काठावर बसून पोहायला कोणी शिकतं का?"

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे माझ्या लेकाला सांगितलं तर त्याला अजून खरं वाटत नाही. आता ही सून कशी, तेही ऐका. बोलायला लोण्यासारखी, हट्टाला मात्र नुसता खिळा. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही बापडी माझ्यासमोर काय टिकणार. अहो, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ओरडले, तर दुसऱ्या दिवशी हिने मिठाचा डबा माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि गोड हसली. भाजी आजही अळणीच करते. डबा आजही माझ्या ताटाशेजारी असतो.

दुसऱ्या दिवशी ती दिवाबंद साहेबांकडे गेली, चित्रांऐवजी थोरलीवरच दोरी ओढायचा सराव घेऊ म्हणाली. मला वाटलं, साहेब भडकणार. ते भडकले नाहीत. म्हणाले, "ते झोपतात हे मला दिसतं गं. त्या अंधारात मलासुद्धा पेंग येते. माझा तास तू घे. एकच अट, मशीन चालू असताना खरा हात जवळ जाता कामा नये. तिथे मी स्वतः उभा राहणार." आणि खरंच उभे राहिले, दर वेळी, बाह्या सरसावून.

मग आमच्या घरी शिवणकाम निघालं. लेकाच्या जुन्या शर्टाची एक बाही कापली, टोकाला हातमोजा शिवला आणि आत चिंध्या भरल्या, दामटून सपाट होतील एवढ्याच. लेक बोंबलला, "आई, माझा शर्ट!" मी म्हटलं, "गप रे. तुझ्या अंगावर त्याने काय दिवे लावले होते?" आणि तो कापडी हात घेऊन सून कारखान्यात गेली.

भोंग्याने बघितल्या बघितल्या आरोळी ठोकली, "हे कोण पाहुणे? जावईबापू का?"

सगळे हसले. दुसरी कोणी असती तर ओशाळली असती. ही म्हणाली, "हो, जावईबापूच. आपल्या घरी आलेत. यांच्या हाताला इजा झाली तर लेकीला काय तोंड दाखवणार आहात?" आणि समजावून सांगितलं. आपण फाटक्या चादरी थोरलीला द्यायच्या. त्यातल्या कुठल्यातरी एका चादरीला जावईबापू टाचलेले असतील. कुठल्या, ते फक्त तिला आणि साहेबांना ठाऊक. हात रुळापाशी पोचायच्या आत दोरी ओढायची, ज्याला दिसेल त्याने.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? जावईबापू आले, सगळ्यांनी पाहिले, "आले! आले!" म्हणून ओरडा झाला, आणि ओढली कोणीच नाही. हात आत गेला आणि मागच्या बाजूने कडक इस्त्री होऊन बाहेर पडला, कागदासारखा सपाट, पाची बोटं पसरलेली. भोंगा तर लोळायचाच बाकी होता. तेवढ्यात दारापाशी बसलेली माझी जोडीदारीण उठून आली. तिने तो सपाट हात आपल्या न मिटणाऱ्या बोटांत उचलला, टेबलावर ठेवला आणि परत जाऊन बसली. सुनेने भाषण दिलं नाही, काही नाही. जावईबापूंना पुन्हा फुगवलं आणि म्हणाली, "पुन्हा."

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं ती बोलायची जावयाला आणि लागायचं आम्हाला. "जावईबापू, बाहीचं बटण लावा हो, लोंबती बाही रुळाला फार आवडते." आम्ही आपापली बटणं लावायचो. "जावईबापू, शेवटच्या क्षणी सुरकुती काढायला बोटं पुढे घालू नका, एक सुरकुती गेली तर जाऊ दे." हा टोला मला होता, मला काय कळत नाही? पण गोष्टीला गोडी आली. लोक त्या तासाची वाट बघायला लागले. धुण्याच्या खोलीतली माणसं कामं उरकून बघायला यायची.

सत्काराचं तिने काय केलं ते तर ऐकाच. साहेब म्हणाले, ही वाईट प्रथा बंद करू. ती म्हणाली, "बंद नको, साहेब. खरी करू." पहिल्यांदा दोरी ओढली ती भोंग्यानेच. बॉयलरकडून सहज डोकावायला आला, जावईबापू दिसले, आणि गड्याने धाव घेऊन दोरी खेचली. चादर पिवळी पडली. भोंग्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आता माझं भाषण कोण करणार?" म्हणाला.

"मी करते," सून म्हणाली. तिने ती पिवळी चादर त्याच्या खांद्यावर टाकली, नीट, चुण्या काढून. "यांनी एक हात वाचवला." एवढंच भाषण. मग आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या वेगळ्या होत्या हो, ज्याच्यासाठी होत्या त्यालाही कळल्या. भोंगा आयुष्यात पहिल्यांदा निःशब्द झाला. त्या दिवशी सुट्टीत त्याला सगळ्यांच्या आधी चहा दिला. तो नियमच पडला, पिवळ्या चादरीवाल्याचा चहा पहिला.

आणखी एक नियम तिने घातला. दोरी ओढली गेली की पहिला प्रश्न विचारायचा, "कोण अडकलं?" 'का ओढली?' हा प्रश्न नंतर. ज्याने आधी 'का ओढली' विचारलं त्याने सगळ्यांचे कप विसळायचे. मी दोनदा विसळले. उचलली जीभ लावली टाळ्याला, स्वभावाला औषध नाही.

सगळे शिकले. एक सोडून. आणि ती एक नेमकी माझ्या वाट्याला आली.

जोडीदारणीच्या जागी माझ्यासोबत चादर धरायला जी बाई दिली, तिला सगळे 'गोगलगाय' म्हणायचे. वयाने माझ्याहून थोडी लहान, कामात चोख, पण बोलणं म्हणजे ओठ हलले तर हलले. कोणी बघत असलं की हातातलं काम सोडून थिजायची. जावईबापू तिच्या समोरून जायचे, तिला स्पष्ट दिसायचे, आणि ती आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, बाकीचे काय करताहेत ते. तोवर जावईबापूंची इस्त्री झालेली असायची. भोंगा म्हणायचा, "गोगलगाय आणि पोटात पाय! मनात आणलं तर करेल ती." पण मला कसला धीर? थोरलीच्या पुढे दोनच बायका असतात. माझा हात अडकला तर सगळ्यांत आधी दिसणार तो तिला. मी घरी सुनेला स्पष्ट सांगितलं, "माझा हात गेला ना, तर ही दोन्हीकडे बघून होईपर्यंत माझ्या कोपराची इस्त्री होईल. हिला बदला."

"बदलायचं नाही, आई," ती म्हणाली. "मला भीती वाटते ती याचीच. सगळ्यांना येऊन एकीला आलं नाही, तर ते कोणालाच आलं नाही."

तिला माझीच काळजी वाटत होती हो. माझ्या हाताची. ते तिने बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून ती रोज माझ्या बाह्या तपासायला लागली, शाळेत जाणाऱ्या पोराच्या तपासतात तशा.

आणि गोगलगायीला तिने एक काम दिलं. रोज सकाळी थोरली थंड असताना, चादर घालायच्या आधी, रूळ रिकामे फिरवायचे आणि गोगलगायीने दोरी ओढून थांबवायचे. "ताई, दोरी चालते की नाही एवढंच बघायचं. कोणी बघत नाही तुमच्याकडे." रोज. मग हळूहळू उजवा हात, डावा हात, पाठमोरी उभी राहून, डोळे मिटून. गोगलगाय ओढायची, रूळ थांबायचे. पण जावईबापू आले आणि लोक भोवती उभे राहिले की पुन्हा तेच, डावीकडे, उजवीकडे. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हणायचे. सून म्हणायची, "थांबा हो जरा."

तिकडे मालकांचा धीर सुटत चालला होता. फाटक्या चादरींचं त्यांना काही नव्हतं. पण लोक आता चालू कामातही दोरी ओढायला लागले होते. कोणाची बाही जवळ गेली, ओढ दोरी. दोन-तीन चांगल्या चादरी पिवळ्या झाल्या. मालक सुनेला म्हणाले, "मी तुला घडीच्या टेबलावरून उठवलं ते माणसांना मशीन नीट चालवायला शिकवशील म्हणून. तू थांबवायला शिकवलंस! मोठ्या हॉटेलची मंडळी कारखाना बघायला येणार आहेत. ती येऊन जाईपर्यंत बघतो. त्यांच्यासमोर थोरली विनाकारण थांबली, तर हा खेळ बंद आणि तू परत घडीच्या टेबलावर." साहेब मध्ये पडले, पण मालकांनी हात झटकले. सून घरी येऊन एवढंच म्हणाली, "बंद झाला तर महिन्याभरात सगळे विसरतील, आई. पुन्हा चौघं उभी राहून बघतील."

हॉटेलची मंडळी आली त्या दिवशी दालन आरशासारखं पुसलेलं होतं, साहेबही आले होते. मालकांनी सुनेला मुद्दाम निवडायच्या खोलीत पाठवलं होतं, "तो लोंबता हात आज कोणाला दाखवू नकोस." हॉटेलच्या एक बाई होत्या, खोल्यांची देखरेख करणाऱ्या, आणि त्यांच्यासोबत एक गृहस्थ. त्यांनी नमुना म्हणून आपल्याच हॉटेलच्या चादरी आणल्या होत्या. याच, नाड्या असलेल्या. धुताना त्या नाड्या एकमेकींत गुंतून त्यांचे फास झाले होते. आम्ही सुटतील तशा सोडवल्या, पण नाड्यांच्या चादरी आमच्या दालनात कधी आल्याच नव्हत्या.

मी मात्र रंगात आले होते. बघणारे असले की माझ्या अंगात वारं शिरतं. चादर अशी झटकत होते, अशी ताणत होते की बाई बघतच राहिल्या. एक गेली, दोन गेल्या. त्या बाईंनी मागून आलेल्या चादरीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "वा!" मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. हातातला कोपरा सोडला.

आणि थोरली थांबली.

एकदम. रुळांचा आवाज गेला. जळकट वास आला. मी बघते तर गोगलगायीचा हात दोरीवर, दोरी खाली खेचलेली.

मालक धावत आले. चेहरा लालबुंद. "का ओढली? काय झालं? का ओढली?"

गोगलगायीचे ओठ हलत होते, शब्द एक नाही. तेवढ्यात दारातून भोंगा गरजला, "मालक! आधी 'कोण अडकलं' ते विचारायचं!"

"आधी कोण अडकलं ते विचारा!" मागून दुसरं कोणी, मग तिसरं, मग सगळं दालन.

मालक चक्रावले. "कोण अडकलंय? कोणीच नाही अडकलेलं! बघा की!"

मलाही तेच दिसत होतं, कोणी अडकलेलं नव्हतं. पण ती बिचारी दोरीला धरून तशीच उभी होती, आणि माझ्या जोडीला उभ्या राहिलेल्या बाईवर कोणी ओरडावं हे मला खपायचं नाही. मी म्हटलं, "थांबा मालक, मी बोलते तुमच्याशी," आणि तरातरा निघाले.

मी निघाले, हात निघाला नाही.

खाली बघितलं. नाडीचा फास माझ्या मनगटाभोवती. दुसरं टोक चादरीबरोबर रुळाच्या आत. मध्ये नाडी तारेसारखी ताणलेली. रूळ आणखी थोडा फिरला असता तर... मला कळलंसुद्धा नव्हतं हो. माझा हात, आणि मला पत्ता नाही.

मालकांनी बघितलं. साहेब आणि भोंगा रूळ उचलायच्या दांड्याकडे पळाले. सून कुठून आली देव जाणे, घडीच्या टेबलावरची कात्री घेऊन आली आणि नाडी कापली. मग माझं मनगट दोन्ही हातांनी धरून नुसती उभी राहिली. "आई," म्हणाली. एवढंच. मग मागे वळून विचारलं, "कोणी ओढली?"

गोगलगायीने शाळेतल्या मुलीसारखं बोट वर केलं.

"ताई, आधी इकडेतिकडे बघितलंत?"

गोगलगायीने मान हलवली. मग बोलली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, एवढं स्पष्ट बोलली. "नाही. नाडी दिसली, आणि दोरी हातात होती. ओढायची ठरवलं केव्हा, ते मला आठवतच नाही."

सून रडली. माझ्या घरात आल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, माझ्या तोंडापायीसुद्धा नाही. त्या दिवशी परक्या माणसांसमोर, मालकांसमोर, हुंदके देऊन रडली, आणि रडता रडता हसत होती.

साहेबांनी रुळाखालून चादर काढली. मधोमध हा पट्टा, पिवळाजर्द. सगळे सुनेकडे बघायला लागले, की आता ती सत्कार करणार. पण दारापासून माझी जोडीदारीण उठून आली. तिने चादर मागून घेतली. तिची ती न मिटणारी बोटं, त्यांत कसाबसा एक कोपरा धरला, दुसरा चांगल्या हातात, आणि गोगलगायीच्या खांद्यावर चादर टाकली. चुण्या काढायला वेळ लागला तिला. कोणी मदतीला गेलं नाही, जायचं नव्हतंच. भाषण तिनेच केलं. "हिने एक हात वाचवला."

टाळ्या किती वाजल्या म्हणता! हॉटेलच्या बाई वाजवत होत्या. मालक वाजवत होते. भोंगा तर ओक्साबोक्शी, आणि त्याचं रडणं म्हणजे बॉयलर फुटला की काय वाटावं असं. त्या दिवशी गोगलगायीला पहिला चहा मालकांनी स्वतः आणून दिला. आणि चहा झाल्यावर सगळ्यांचे कप घेऊन विसळायला गेले. 'का ओढली' आधी विचारलं होतं ना! त्यांना आठवण कोणी करून दिली असेल? मीच. दुसऱ्या कोणाची छाती होती?

हॉटेलच्या बाईंनी आपल्या चादरींच्या नाड्या काढून टाकल्या आणि काम आमच्याकडेच दिलं. थोरलीला पुढे ती आपोआप थांबायची पट्टीही बसली. तरी सुनेचा तास चालूच आहे, कारण ती म्हणते, पट्टीला कधी झोप लागेल सांगता येत नाही. घडीच्या टेबलावर ती परत गेली नाही. आता साहेबांसोबत ती दुसऱ्या कारखान्यांतही जाते, पिशवीत जावईबापू घालून. लोक माझ्या लेकाला विचारतात, बायको काय करते? तो म्हणतो, हात वाचवते. छाती फुगवून म्हणतो. फुगवेल नाही तर काय, माझाच मुलगा आहे.

चादर मी मालकांकडून मागून घेतली. ते म्हणाले, "आक्का, नवी देतो." मी म्हटलं, "नवीत काय आहे?"

आणि ती चौथी नाडी? ती सुनेने जावईबापूंच्या मनगटावर बांधली आहे. कारखान्यात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी थोरलीसमोर उभं करतात आणि ती नाडी दाखवून सगळी गोष्ट सांगतात. सांगते कोण, माहीत आहे? गोगलगाय. मोठ्या आवाजात, न अडखळता, मधोमध उभी राहून. तिची गोष्ट संपत आली की नवीन माणूस विचारतो, "मग त्या बाईंच्या हाताचं काय झालं?" ती मान वळवून माझ्याकडे बघते. मी तिथे समोरच असते, चादर धरून. दोन्ही हातांनी.